पाचवी-सहावीच्या मुलांना साहित्यातल्या संज्ञा शिकवताना

शब्दखुळी:

नमस्कार मंडळी,

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांचा एक वाचनगट चालवते. गोष्ट किंवा कविता वाचायची आणि तिच्यावर गप्पा मारायच्या, एवढंच काम. मुलं बोलकी आहेत, पण "भारी आहे", "बोअर आहे", "शेवट पटला नाही" ह्यापुढे बोलणं सरकत नाही. म्हणून त्यांच्यासाठी संज्ञांचा एक छोटा तक्ता करायला घेतला. अलंकार झाले, मग कथानक, पात्र, निवेदक आले, मग कडवं, चरण, लय. आता तक्त्याचं पुस्तक व्हायच्या बेतात आहे.

त्यात आणखी एक गोची. ज्यांनी अलंकार आधीच पाठ केलेत ती मुलं अर्थाकडे बघतच नाहीत, खुणेचा शब्द शोधतात. 'प्रमाणे' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. "ठरल्याप्रमाणे आम्ही सातला निघालो" ह्या वाक्याखाली एकीने रेघ मारून 'उपमा' लिहिलं. का, तर "प्रमाणे आहे की!" तिच्या बाजूने बघितलं तर तिचं काहीच चुकलेलं नाही. तिला जे सांगितलं गेलं तेच तिने केलं.

तर विचारायचं असं: ह्या वयाला कोणत्या संज्ञा ठेवाव्यात आणि कोणत्या बेलाशक गाळाव्यात? व्याख्या आधी की उदाहरण आधी? आणि "अलंकार ओळखा, गुण एक" ह्यापलीकडे मुलाला त्या नावाचा उपयोग काय?

जुनी पाटी:

खुळीताई, यादीची धास्ती घेऊ नका. भरतमुनीच्या 'नाट्यशास्त्र' ह्या प्राचीन ग्रंथात अलंकार सांगितलेत ते चारच: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. शंभराच्या वर नेले ते पुढच्या पंडितांनी. मूळ पुरुषाचं चारात भागलं, तर अकरा वर्षांच्या पोराचं का भागू नये?

आता 'प्रमाणे'चं. वर्गात मी खुणेचे शब्द सगळ्यात शेवटी सांगत असे. उपमेची खरी कसोटी अशी की दोन वस्तू एकमेकींपासून लांबच्या हव्यात आणि त्यांना जवळ आणल्यावर काहीतरी चमकायला हवं. "मीना तिच्या बहिणीसारखी उंच आहे" ही तुलना झाली. दोघींना भिंतीशी उभं करून खरं-खोटं करता येतं. "मीना बांबूसारखी उंच आहे" ही उपमा. इथे फूटपट्टी काढणारा वेड्यात निघेल. जुन्या अलंकारशास्त्रात ह्यासाठी ठरलेलं उदाहरण आहे: "गवय हा गाईसारखा असतो." वाक्यात सारखेपणा शिगोशीग भरलाय, पण गवय हे रानजनावर न पाहिलेल्याला दिलेली ती नुसती माहिती आहे. त्यात सौंदर्य नाही, म्हणून अलंकार नाही. मुलांना हे फार पटकन कळतं. "माहिती की गंमत?" एवढा प्रश्न विचारा, 'ठरल्याप्रमाणे' आपोआप बाहेर पडतं.

उपमेय, उपमान, साधारण धर्म, साधर्म्यवाचक शब्द अशी चौकडी पाठ करून घेतात. तिच्यातला साधारण धर्म तेवढा मोलाचा, बाकी नावं आत्ता नाही आली तरी बिघडत नाही. तोच झाकून ठेवा. "आजोबांचा आवाज ढगासारखा होता", इथेच वाक्य तोडा आणि विचारा, कशाच्या बाबतीत? एक म्हणेल गडगडणारा, दुसरा म्हणेल दाटून आलेला, तिसरी म्हणेल दुरून येणारा. मग मूळ उतारा पुढे वाचा, कोणता धर्म बसतो ते त्यांचं तेच भांडून ठरवतील. साधारण धर्म गाळलेल्या अशा उपमेला लुप्तोपमा म्हणतात, पण ते नाव तुमच्यापाशीच ठेवा.

चौथा चरण:

पाटीकाका, चार अलंकारांचा मुद्दा झकास. एक खोडी काढतो. भरताचं यमक म्हणजे आपण ओळीच्या शेवटी जुळवतो ते यमक नव्हे. त्यात तीच अक्षरं पुन्हा येतात आणि ती ओळीत कुठेही येऊ शकतात. मुलांना ह्यातलं काही सांगायची गरज नाही, पण धाग्यावर नोंद असावी.

जुनी पाटी:

मान्य. नोंद घेतली आहे, चरणसाहेब.

उगाच:

मला मुळातच प्रश्न आहे. संज्ञा कशाला? लहानपणी मला कुणी चेतनगुणोक्ती सांगितली नव्हती, तरी मी अधाशासारखं वाचलं. नावं आली की मुलं वाचायचं सोडून चिठ्ठ्या चिकटवत बसतात. ताईंनी वर दिलेलं 'प्रमाणे'चं उदाहरण हाच त्याचा पुरावा. मुलाला "भारी आहे" म्हणू द्या की. तेही एक मतच आहे.

अर्धविराम:

@उगाच, निम्मं मान्य. नुसत्या वाचणाऱ्याला नावं लागत नाहीत, लिहिणाऱ्याला लागतात. मुलांनी लिहिलेल्या गोष्टी तपासायचं काम बरीच वर्षं करतोय. त्यांतल्या निम्म्या गोष्टी एकाच ठिकाणी घसरतात. पहिल्या परिच्छेदात 'मी' गोष्ट सांगतोय, तिसऱ्यात त्याच 'मी'ला शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या मनातलं कळायला लागतं. "हे बरोबर नाही" म्हटलं तर मूल रुसतं. "तुझा निवेदक कोण आहे आणि त्याला हे कसं कळलं?" म्हटलं की ते स्वतःच दुरुस्त करतं. हा एक शब्द हाताशी असला की लेखकाला न दुखावता लेखनाबद्दल बोलता येतं. संज्ञेचा उपयोग विचाराल तर मला हाच दिसतो.

आणि निवेदक ह्या संज्ञेसाठी मराठीइतकी सोयीची भाषा शोधून सापडणार नाही. "मी आत गेले" एवढं वाचलं की सांगणारी मुलगी आहे हे कळतं. पण "मी दार उघडलं" ह्यावरून काहीच कळत नाही, कारण तिथे क्रियापद दारामागे चाललंय, 'मी'च्या मागे नाही. "मी म्हणालो" बोलून जातं, "मी म्हटलं" गप्प राहतं. "मी जातो" फुटतं, "मी जाईन" फुटत नाही. मुलांना खेळ द्या: अर्धा पान प्रथमपुरुषी गोष्ट लिहायची, पण निवेदक मुलगा आहे की मुलगी ते शेवटच्या ओळीपर्यंत कळता कामा नये. 'मला वाटलं', 'मी पाहिलं', 'माझ्या हातून पडलं' अशी वाक्यं शोधता शोधता त्यांचं व्याकरणही पक्कं होतं. एक पळालो किंवा एक बसले, की खेळ संपला.

तृतीयपुरुषी निवेदनात त्याहून मजा आहे. "मास्तर आला" आणि "मास्तर आले", घटना एकच. पण पहिल्या वाक्यात सांगणारा मास्तरांच्या विरुद्ध बाजूला उभा आहे किंवा त्यांच्याहून वरचा आहे. "सून आत आली, सासूबाई बाहेर आल्या" ह्या एका वाक्यात निवेदक कुणाच्या नजरेने बघतोय ते क्रियापदांनीच सांगून टाकलं. दृष्टिकोन ही संज्ञा शिकवायला वेगळी आकृती कशाला हवी? एखादा परिच्छेद घ्या आणि निवेदक कुणाला एकेरीत बोलावतो, कुणाला अहो-जाहो करतो ह्याची यादी करायला सांगा.

लोककथेत तर राजासुद्धा एकेरीत. "आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता." प्रधान म्हणतो "महाराज आले", निवेदक म्हणतो "राजा आला". म्हणजे गोष्ट सांगणारी आजी राजापेक्षा मोठी! हे मुलांना सांगून बघा, डोळे विस्फारतात.

मोरपंखी:

अर्धविराम, हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. 'म्हणालो' आणि 'म्हटलं' ह्यांतला हा फरक इतकी वर्षं मराठी बोलून लक्षात आला नव्हता.

चौथा चरण:

छान लिहिलंय. फक्त काही बोलींत बायकाही "मी आलो", "मी जातो" म्हणतात, तिथे हा ताळा चुकेल. गटातलं एखादं मूल अशा घरातलं असेल तर ते हरकत घेईल, आणि ती हरकत रास्त असेल. तिथून 'निवेदकाची बोली' हा पुढचा विषय निघतो.

उगाच:

निवेदकापुरता मी शरण. अलंकारांवर अजून ठाम आहे.

मोरपंखी:

माझ्या मुलीचे दोन प्रश्न आहेत, मला उत्तरं देता आली नाहीत म्हणून इथे टाकते. पहिला: गोष्टीत कोल्हा बोलतो ती चेतनगुणोक्ती का? दुसरा: तारे 'लुकलुकतात' ह्याला पुस्तकात अनुकरणवाचक शब्द म्हटलंय, पण ताऱ्यांचा आवाज कुठे येतो?

जुनी पाटी:

पोरगी हुशार आहे.

कोल्ह्याचं सांगतो. चेतनगुणोक्तीत निर्जीव वस्तूला सजीव, त्यातही माणसासारखं वागवलेलं असतं. कोल्हा मुळातच सजीव, त्यामुळे व्याख्येच्या पहिल्याच पायरीवर अडतो. पण मुलांना व्याख्येपेक्षा असं विचारावं: हे वाक्यापुरतं आहे की गोष्टभर? "वारा रागावून दारं आपटू लागला" ह्या वाक्यानंतर वारा पुन्हा नुसता वारा होतो. लेखकाने घटकाभर त्याला माणूस केलं, हा अलंकार. बोलणारा कोल्हा मात्र गोष्टीच्या जगात खरोखरच बोलतो, इतर प्राणी त्याला उत्तरं देतात, तो बेत आखतो आणि फसतोही. ते पात्र आहे. इसापच्या एका गोष्टीत वारा आणि सूर्य पैज लावतात. तिथे वारा निर्जीव असूनही पात्र आहे, कारण पैज तो खरोखरच हरतो.

मधली प्रकरणंही असतात. एखाद्या कवितेत नदी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलते. तिला अलंकार म्हणा की पात्र म्हणा, मुलांना वाद घालू द्या. दोन्ही बाजूंना गुण द्यावेत.

गणमात्रा:

लुकलुकण्याचं मी घेतो. 'अनुकरणवाचक' म्हटलं की आपण आवाजाचंच अनुकरण गृहीत धरतो. रिमझिम, कडकड, खळखळ, टपटप इथे ते ठीक. पण मराठी फक्त कानावर थांबत नाही. लुकलुक, झगमग, लखलख हे डोळ्यांचे शब्द. बुळबुळीत, गुळगुळीत, खरखरीत हे स्पर्शाचे. घमघमाट नाकाचा. गुडघा ठसठसतो, जखम चुरचुरते, डोकं ठणकतं. दुखण्याच्या इतक्या परी आपण ध्वनीने दाखवतो. ठसठसणाऱ्या गुडघ्याला कान लावून बघा, काही ऐकू येणार नाही. तरी मराठी माणसाला ते दुखणं नेमकं कसं आहे ते कळतं.

मुलांना पाटीवर कान, डोळे, नाक, त्वचा असे रकाने पाडून शब्द भरायला लावा. काही शब्दांवर तंटा होईल, 'कुरकुरीत' दातांचा की कानाचा? होऊ द्या. ह्याच रकान्यांच्या वाटेने पुढे प्रतिमा ही संज्ञा येते: वाचताना इंद्रियांना जे जाणवतं ते. प्रतिमेची व्याख्या सांगून मुलं जांभया देतात, रकान्यांतून आली तर तिचं ओझं वाटत नाही. माझं म्हणणं, ह्या वयाला अनुकरणवाचक शब्द हा सगळ्यांत सकस विषय आहे आणि आपण तो अभ्यस्त शब्दांच्या (अक्षरं दुहेरी येऊन बनलेल्या शब्दांच्या) यादीत कोंबून मोकळे होतो.

शब्दखुळी:

गणमात्राजी, रकाने उद्याच पाडते! जाता जाता वृत्त-छंदाचंही सांगा ना. ठेवू की गाळू?

गणमात्रा:

माझं नाव बघूनच विचारलंत वाटतं.

लघु-गुरू (आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरं) आणि गण (अशा तीन-तीन अक्षरांचे गट) आत्ता नकोत. पण अक्षरं मोजता येणाऱ्या कुठल्याही मुलाला छंद कळतो. अभंगापासून सुरुवात करा. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. मी आत्ताच रचून देतो, कविता म्हणून सुमार आहे पण मोजायला चालेल:

ढग आले डोंगरात
पाणी नाचे अंगणात

मोठ्या अभंगाला चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात:

सकाळ उजाडे
ढग दूर सरे
पाखरू हे फिरे
रानोमाळ

जोडाक्षर एकच धरायचं, एवढा एक नियम सांगा. टाळ्या वाजवत म्हणायला लावलं की चौथा चरण अंगाला कळतो. सहाची सवय झालेली असताना चारावरच थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यात अभंगाचा ठेका आहे. मग पहिले तीन चरण देऊन चौथा त्यांना लिहायला सांगा. चारच अक्षरं असल्याने कुणी घाबरत नाही.

ज्यांना कोडी आवडतात त्यांच्यासाठी एक खाऊ: 'यमाताराजभानसलगम्'. ह्यातल्या पहिल्या आठ अक्षरांपैकी कोणतंही घ्या आणि पुढची दोन जोडा, तोच त्या अक्षराचा गण. य म्हणजे यमाता, लघु-गुरु-गुरु. न म्हणजे नसल, तिन्ही लघु. लघु-गुरूच्या तीन-तीनच्या जोडण्या आठच होतात आणि त्या आठही ह्या एका ओळीत एकेकदा येऊन जातात. गणिताची आवड असलेलं पोर ह्याच्यावर तासभर खिळून राहतं, कवितेची आवड असो वा नसो.

नकाशे:

गोष्टीच्या संज्ञांबद्दल कुणी फार बोललं नाही अजून. मी डोंगराची आकृती काढून दाखवतो: पायथ्याशी प्रस्तावना, मग चढण, शिखरावर उत्कर्षबिंदू, मग उतार आणि शेवट. मुलांना चित्र आवडतं, गोष्ट बरोब्बर खणांत बसते.

चौथा चरण:

नकाशे, बसते की बसवता? ती आकृती गुस्टाफ फ्रायटाग ह्या जर्मन लेखकाची, १८६३ च्या पुस्तकातली. त्याच्यापुढे पाच अंकी नाटकं होती, त्यातही शोकांतिका. दीड पानाच्या बालकथेला तो डोंगर चढायला लावणं जरा अतीच होतं. साखळीकथा घ्या. ह्याने त्याला विचारलं, त्याने तिसऱ्याकडे पाठवलं, मग साखळी उलटी सुटत आली. शिखर कुठे काढाल? पंचतंत्रात तर विष्णुशर्मा राजपुत्रांना गोष्ट सांगतो, गोष्टीतला प्राणी दुसरी गोष्ट सांगतो, तिच्यातलं पात्र तिसरी. तिथे डोंगर काढण्यापेक्षा चौकटीत चौकट काढावी लागेल. आकृती जरूर काढा, पण प्रत्येक गोष्टीची वेगळी, आणि मुलांनी स्वतः काढलेली.

कथा आणि कथानक ह्यांतला फरक मात्र न चुकता सांगा. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ह्यांनी १९२७ साली तो राजा-राणीच्या उदाहरणाने सांगितला: राजा मेला आणि मग राणी मेली, ही कथा. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. मुलांना 'मग' आणि 'म्हणून' एवढे दोन शब्द द्या. गोष्ट थोडक्यात सांगताना "मग... मग... मग..." चाललं असेल तर थांबवायचं आणि विचारायचं, ह्यातल्या कुठल्या 'मग'च्या जागी 'म्हणून' बसेल? जिथे बसतं तिथे कथानक आहे.

नकाशे:

'मग' आणि 'म्हणून' आवडलं. डोंगर सोडत नाही, पण आता सगळ्या गोष्टींना तोच लावणार नाही.

अर्धविराम:

नकाशे, चढणीच्या जागी तुम्ही 'संघर्ष' हा शब्द वापरत असाल तर जपून. मुलांना संघर्ष म्हणजे मारामारीच वाटते. "ह्या गोष्टीत संघर्ष नाही, कुणी भांडतच नाही" असं ती ठासून सांगतात. "कुणाला काय हवंय आणि आड काय येतंय?" असं विचारलं की आड येणारा माणूस, पाऊस, गावाचा नियम किंवा स्वतःचीच भीती, सगळं सापडतं. त्यातली भीती सापडली की आनंद वाटतो, कारण तिथे मूल पात्राच्या आत शिरलेलं असतं.

मोरपंखी:

आणि वातावरण? मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात गोष्टीचं वातावरण आणि लेखकाचा सूर असे दोन वेगळे प्रश्न असतात, तिला दोन्ही एकच वाटतात.

चौथा चरण:

वातावरणासाठी आपल्याकडे रस आहेत की. नाट्यशास्त्रात आठ, नववा शांत नंतर आला. सगळे नकोत, पण हास्य, अद्भुत, भयानक, करुण, वीर ही नावं ह्या वयाला सहज पेलतात. रस वाचणाऱ्याला जाणवतो. सूर सांगणाऱ्याचा असतो. भुताची गोष्ट थट्टेच्या सुरात सांगितली तर काय होतं ते करून दाखवा: तोच प्रसंग, तेच भूत, एकदा दबक्या आवाजात आणि एकदा टिंगल करत. दुसऱ्या खेपेला रस भयानकावरून हास्यावर उडी मारतो. सूर बदलला म्हणून रस बदलला, म्हणजे दोन्ही वेगळे आहेत हे मुलीला दिसेल.

शब्दखुळी:

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्तापर्यंत माझ्या मनात जे ठरतंय ते लिहिते, फाडायला मोकळे आहात.

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक तिन्ही ठेवणार, पण वेगवेगळ्या दिवशी नाही. एकच चित्र घेऊन जवळ-जवळ आणत न्यायचं. "रस्ता अजगरासारखा पसरला होता." "रस्ता म्हणजे जणू अजगरच." "रस्त्याच्या अजगराने टेकडीला विळखा घातला." पहिल्यात दोन वस्तू शेजारी उभ्या, दुसऱ्यात एक दुसरीचा आभास देतेय, तिसऱ्यात रस्ता आणि अजगर वेगळे काढताच येत नाहीत. चेतनगुणोक्ती आणि अतिशयोक्ती राहणार. श्लेष राहणार, कारण विनोदाशिवाय गट चालत नाही. काल एकाने "तिने नाव काढलं, वल्हं मात्र काठावरच राहिलं" असं वाक्य केलं आणि सगळे हसत सुटले. अनन्वय, ससंदेह, अर्थान्तरन्यास बाहेर. दृष्टान्ताचं (म्हणणं पटवायला तसंच दुसरं उदाहरण देणं) ठरत नाहीये.

जुनी पाटी:

रस्त्याच्या शिडीला आणखी एक पायरी जोडा: "हा रस्ता नव्हे, हा अजगर!" अपन्हुती. नाव अवघड, पण मुलांची लाडकी होते, कारण समोरची वस्तू धडधडीत नाकारायची मुभा मिळते. नाव सांगू नका हवं तर, वाक्यं करू द्या.

दृष्टान्त ठेवा. वादात बाजू पटवायला मुलं तो रोजच वापरतात. स्वभावोक्तीही ठेवा, ती तुमच्या यादीत दिसली नाही. मांजर अंग ताणून उठतं, पंजे चाटतं, मग आपल्याला काही घेणं नाही अशा थाटात निघून जातं. उपमा नाही, अतिशयोक्ती नाही, नुसतं जसं आहे तसं, पण हुबेहूब. जी मुलं नटवून लिहायला लागतात त्यांना हा अलंकार जमिनीवर आणतो. साधं नेमकं लिहिणं हाही अलंकार आहे असं आपल्या परंपरेने नाव देऊन ठेवलंय, ते मुलांपासून का लपवावं?

उगाच:

स्वभावोक्तीसाठी माझं मत बदलायला तयार आहे. तात्पर्याचं काय? गोष्ट संपली रे संपली की "ह्यावरून तुम्ही काय शिकलात" हा प्रश्न येतो आणि गोष्ट तिथेच मरते.

अर्धविराम:

तात्पर्य इसाप आणि पंचतंत्राला शोभतं, त्या गोष्टी त्यासाठीच बांधलेल्या आहेत. बाकीच्यांत विषय, तात्पर्य आणि आशयसूत्र वेगळे करून दाखवावेत. 'मैत्री' हा विषय, एका शब्दात सांगता येतो. 'मित्राशी खोटं बोलू नये' हे तात्पर्य, ते हुकूम सोडतं. 'खरं बोलल्याने मैत्री तुटत असेल तर काय करायचं?' हे सूत्र, गोष्ट त्याच्याभोवती फिरत राहते आणि उत्तर देईलच असं नाही. मुलांना सूत्र प्रश्नाच्या रूपात लिहायला सांगतो. प्रश्नचिन्ह असलं की उपदेश आपोआप गळतो.

मोरपंखी:

शेवटचा एक. उपरोध आणि व्याजस्तुती एकच का? मुलगी आता रोज घरी उपरोधाने बोलते, निदान नाव तरी बरोबर असावं.

जुनी पाटी:

हा हा. मोरपंखीताई, व्याजस्तुती दोन्ही दिशांनी चालते. स्तुतीच्या आडून निंदा: "कमाल केलीस, सगळ्यांचं काम एकट्याने बिघडवून दाखवलंस." निंदेच्या आडून स्तुती: "हा पक्का चोर आहे, जिथे जातो तिथे मनं चोरतो." उपरोधात बोलण्याचा रोख टोचण्याकडेच असतो, दुसरी दिशा त्यात नाही. मुलीला उपरोध एवढंच नाव पुरे.

बोलताना आवाजावरून कळतं, छापील पानावर आवाज नसतो. म्हणून तिला गोष्टीतलं एखादं वाक्य द्या, उदाहरणार्थ "वा, फारच लवकर आलास", आणि आधीची दोन वाक्यं तिला लिहायला सांगा. एकदा अशी की ते वाक्य खरं कौतुक वाटावं, एकदा अशी की टोमणा वाटावा. मधल्या वाक्यात काना-मात्रेचा फरक करायचा नाही. आणि अन्योक्ती जमेल का असं तुम्ही पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगतो: 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण तिला माहीत असेल तर अन्योक्ती तिला आधीच येते, फक्त बोलणं कुणाला उद्देशून आहे आणि लागतंय कुणाला, ही दोन नावं कागदावर वेगळी लिहायला लावा.